एकच माईक

स्टिकर अजून काढला नाही मी.
‘फुल एचडी’, चंदेरी अक्षरांत.
वाशीच्या सेक्टर सतरामधल्या दुकानदाराने
त्यावर बोट ठेवून साडेअकरा हजार मोजून घेतले
आणि पिशवी फुकट दिली.

सत्तर मिनिटांची बॅटरी.
झूम केला की आतली मोटर कुरकुरते
आणि ती कुरकुर शूटिंगमध्येही येते,
भातात खडा यावा तशी.
उजेड कमी झाला की काळ्या भागात मुंग्या चालतात.
अजून चार हजार टाकले असते
तर मुंग्या कमी झाल्या असत्या म्हणे.

गोठिवलीत निकेशच्या भावाची हळद.
मांडवात अर्ध्या ट्यूबलाइट, अर्धे पिवळे बल्ब.
कॅमेरा बावचळला:
नवरदेव डावीकडून हिरवट, उजवीकडून भाजलेला.
आणि चेहरे ओळखणारा तो चौकोन
सगळ्या गर्दीवरून फिरून
पुन्हा जाऊन बसायचा पदूबायवर.
मी कॅमेरा वळवायचो.
ती फ्रेमच्या कडेला जरी आली, तरी हा तिथेच.

कोपऱ्यात पाटावर बसून ती धवला लावून होती,
मागे ओढायला दोघी, त्यातली एक पेंगलेली.
मधेच थांबून मला म्हणाली,
“ये डब्यान मी मावन का रं?”
मावशील, म्हटलं.
कार्डावर अजून चार जीबी आहेत.

चौथ्या दिवशी निकेश पेनड्राइव्ह घेऊन आला.
“म्हातारीचा आवाज काढ. डीजे टाक.
मुलीकडचे बघणार आहेत.”

माझा कॉम्प्युटर ही फाइल अशीच खात नाही.
आधी भरडावी लागते,
दात नसलेल्याला भाकरी कुस्करून द्यावी तशी.
आई झोपेतून विचारते, बिल कोण भरणार?
पंखा फक्त त्या डब्यालाच.
मी घामाघूम,
हिरवं कमी कर, पिवळं किंचित वर, परत खाली,
रात्री तीन वाजता
हळद एकदाची हळदीसारखी दिसली.

मग आवाज.
महागड्या कॅमेऱ्यांना दोन-दोन, तीन-तीन कान असतात.
माझ्याला एक,
तोही नेमका बोटाखाली येतो.
टाइमलाइनवर एकच निळी पट्टी, आणि तिच्यात
पदूबायचा धवला,
नवरदेवाच्या आईचं नाक ओढणं,
कुणीतरी ओरडलं, वडे करपले,
ठाणे-बेलापूर रोडवरचा ट्रक,
माझी मोटर, माझाच श्वास,
आणि निकेश खदखदून हसला तो,
भावाच्या कानात हळद गेली तेव्हा.
साखर चहात विरघळल्यावर
चमच्याने काढायला सांगितली होती मला.

पट्टी खाली ओढली.
सगळे तोंडं उघडत होते,
पाटीतल्या जिवंत मासळीसारखे.
डीजे टाकला. गाणं वाईट नव्हतं,
पण त्यावर एकही माणूस वेळेवर हसेना.

सुरुवातीला चाळीस सेकंद डीजे ठेवला, नावं येतात तेवढा.
मग तो हळूहळू उतरवला
आणि खालून तिला वर येऊ दिलं.
त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलं ते उजाडेपर्यंत.

निकेशने उभ्या-उभ्याच पाहिलं.
स्वतःच्या हसण्यापाशी म्हणाला, मागे घे जरा.
तीनदा मागे घेतलं.
मग म्हणाला, डीजे कमी आहे, पाचशे कापतो.
कापले.

संध्याकाळी पदूबायच्या ओट्यावर गेलो.
दोन बोटांएवढी ती स्क्रीन तिच्यासमोर उघडून धरली.
तिने नीट पाहिलंही नाही;
कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला,
पट्टा मनगटावरून लोंबत होता.
जरा वेळ ऐकलं. मग लागली म्हणायला,
त्या दुसरीपेक्षा अर्धी ओळ पुढे,
वाट दाखवल्यासारखी.

बॅटरी संपली
ते तिला कळलं नाही.